जुना वाडा, जुनी चाळ, जुना बंगला: वारसा जतनासाठी महापालिकेकडे काय मागता येतं?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या शहरांत जुन्या इमारतींचे मालक, भाडेकरू आणि शेजारी महापालिकेच्या हेरिटेज विभागाकडे बहुतेक वेळा फार उशिरा पोचतात. कधी दारावर नोटीस चिकटलेली असते, कधी बिल्डरशी करार होऊन गेलेला असतो. तेच सहा महिने आधी आलं असतं तर हातात बरंच काही असतं. वारसा यादीमुळे इमारत पाडणं अडतं, पण इमारत टिकते ती वेळेवर केलेल्या दुरुस्तीने. म्हणून खालच्या उत्तरांत कायद्याइतकीच छप्पर, चुना आणि पन्हळ यांना जागा दिली आहे. मुंबईचे नियम आणि बाकी शहरांचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

आमच्या इमारतीला सगळे ‘हेरिटेज’ म्हणतात. म्हणजे ती नेमकी कुणाच्या ताब्यात?

तुमच्याच. लोक ‘हेरिटेज’ हा एकच शब्द वापरतात, पण त्याखाली तीन वेगवेगळी संरक्षणं येतात आणि तिन्हींचे कायदे, कार्यालयं, अटी निराळ्या आहेत.

पहिलं केंद्राचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९५८ च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं सांभाळतं. पुण्याचा शनिवारवाडा त्यातला. दुसरं राज्याचं. १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राज्य संरक्षित स्मारकं बघतं. तिसरी महापालिकेची किंवा नगरपरिषदेची वारसा यादी. राहते वाडे, चाळी, बंगले, बाजार, शाळा, पाणपोया, तलाव आणि अख्ख्या गल्ल्यासुद्धा याच तिसऱ्या यादीत येतात. तिचा आधार नगररचनेच्या कायद्यात आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ऐतिहासिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचं जतन हा विकास आराखड्याचा विषय म्हणून दिलेला आहे. या पानावरची बहुतेक उत्तरं या तिसऱ्या यादीबद्दल आहेत.

हे नियम कधीपासून आहेत?

मुंबईत १९९५ पासून. तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आला आणि शहरातल्या सहाशेहून अधिक वास्तू व परिसरांना संरक्षण मिळालं. नव्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये तोच विषय नियम ५२ मध्ये आहे. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर बाकी राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि वारसा जतनाच्या तरतुदी तिच्यातही आहेत. पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांनी आपापल्या याद्या केल्या आहेत.

आमची इमारत यादीत आहे का, हे कुठे कळेल?

महापालिकेच्या हेरिटेज विभागात. तो नसेल तर नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागात. जाताना सिटी सर्व्हे नंबर (सीटीएस नंबर) घेऊन जा. यादीतली नावं पुष्कळदा जुन्या मालकाची किंवा जुन्या वापराची असतात. ‘अमुक यांचा वाडा’ असं लिहिलेलं असतं आणि वाडा दोनदा विकला गेलेला असतो. नावावरून शोधलं तर सापडत नाही, नंबरावरून सापडतं.

तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. इमारत यादीत आहे का, असेल तर श्रेणी कोणती, ती एकटी नोंदलेली आहे की परिसराचा भाग आहे, आणि तिच्याविषयी वारसा समितीचे (परवानगीबाबत आयुक्तांना शिफारस करणाऱ्या समितीचे) आधीचे काही निर्णय आहेत का, हे चारही प्रश्न एकाच अर्जात विचारा. चौथा प्रश्न लोक विसरतात. आधीच्या मालकाला दिलेली किंवा नाकारलेली परवानगी हाच बहुधा तुमच्या प्रकरणाचा सगळ्यात उपयोगी कागद असतो.

श्रेणी १, २अ, २ब, ३ यांत फरक काय?

श्रेणी १ म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या, शहराची ओळख ठरलेल्या वास्तू. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या श्रेणीत आहे. इथे आत किंवा बाहेर बदल करता येत नाही. इमारत मजबूत करायला आणि तिचं आयुष्य वाढवायला जे अगदी आवश्यक असेल तेवढंच मान्य होतं.

श्रेणी २ प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तूंची. आतले बदल आणि नवा वापर यांना मुभा असते, पण छाननी कडक. वास्तूचं जे खास आहे, मग तो जिना असो, सज्जा असो की दर्शनी भागातलं लाकूडकाम, त्याला धक्का लागता कामा नये. २अ आणि २ब यांतला फरक मालकाच्या दृष्टीने एवढाच, की २ब मध्ये त्याच भूखंडावर मूळ वास्तूला शोभेल अशी जास्तीची इमारत उभी करायला जास्त वाव मिळतो.

श्रेणी ३ शहराच्या रूपाला हातभार लावणाऱ्या इमारतींची. जुन्या वस्त्यांतल्या कितीतरी चाळी आणि बंगले इथे सापडतात. आतबाहेर बदल करता येतात, आणि ठरावीक परिस्थितीत पुनर्बांधणीही. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच श्रेणीचं होतं. ‘तीनच तर आहे’ असं म्हणून मालकही हात सैल सोडतो आणि कार्यालयही. पण गल्लीचा चेहरा या इमारतींनीच बनलेला असतो. त्यातल्या चार गेल्या की उरलेल्या दोन उपऱ्या दिसायला लागतात.

यादीत आलं म्हणजे घर सरकारजमा होतं का? विकता येतं का?

सरकारजमा होत नाही. विकता येतं, भाड्याने देता येतं, वारसांच्या नावावर करता येतं, बँकेकडे गहाण ठेवता येतं. मालकी तुमची, आणि दुरुस्तीची जबाबदारीही तुमचीच. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: नियमित दुरुस्ती व देखभाल हे मालकाचं कर्तव्य, शासन किंवा महापालिका त्यांच्या स्वतःच्या इमारती सोडून इतरांसाठी जबाबदार नाहीत.

आमची इमारत यादीत नाही, पण गल्ली ‘हेरिटेज परिसर’ आहे म्हणतात. आम्हाला नियम लागू?

हो. परिसर म्हणजे एकेका इमारतीपेक्षा सगळ्यांनी मिळून तयार झालेलं रूप: उंची, छपरांचा उतार, रस्त्याची रुंदी, ओट्यांची ओळ, झाडं. मुंबईतला काळा घोडा, बॅलार्ड इस्टेट, बाणगंगा ही ओळखीची उदाहरणं. परिसरातल्या साध्या, नोंद नसलेल्या घरालाही उंची आणि दर्शनी भागाबाबत समितीची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात. परिसराला संरक्षण असताना रस्ता रुंदीकरणाची रेषा आखतानाही वारशाचा विचार करणं प्राधिकरणाला भाग असतं. रुंदीकरणात ओटा जाणार असेल, तर हा मुद्दा हरकतीत जरूर मांडा.

साधा रंग द्यायचा आहे. त्यालाही परवानगी?

यादीतल्या इमारतीला, हो. लोकांना हे खरं वाटत नाही, म्हणून सांगतो. १९९५ च्या मुंबईच्या नियमातच बांधकाम, फेरबदल, दुरुस्ती, पाडकाम यांच्या बरोबरीने रंगकाम, गिलावा आणि खास घटक बदलणं ही कामं नावानिशी घातलेली आहेत, आणि आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय ती करता येत नाहीत.

यामागे कारण आहे. घडीव दगडावर ऑइलपेंट फासला की दगडाची रंध्रं बुजतात. आतला ओलावा बाहेर पडायला वाट शोधतो आणि दगडाचा वरचा पापुद्रा घेऊन पडतो. रंग काढायला गेलं की दगडही खरवडला जातो. देवळांच्या बाबतीत हे सर्रास होतं. विश्वस्तांनी भक्तिभावाने रंगवलेलं काळ्या दगडाचं शिखर पुन्हा मूळ रूपात आणायला रंगाच्या कितीतरी पट खर्च येतो. यादीतल्या धार्मिक वास्तूंनाही परवानगी घ्यावीच लागते.

एसीचं बाहेरचं युनिट, दुकानाची पाटी, सोलर पॅनेल?

विचारून लावा. दर्शनी भागावर जाहिरातफलक मान्य होत नाहीत. दुकानाची पाटी आकार, जागा आणि अक्षरांची पद्धत ठरवून मिळते. एसी आणि पॅनेल मागच्या अंगाला किंवा रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर दाखवलं तर सहसा अडचण येत नाही.

परवानगीसाठी काय काय द्यावं लागतं?

मालकीचा कागद (प्रॉपर्टी कार्ड), सिटी सर्व्हेचा नकाशा, आजच्या स्थितीची मोजणी करून काढलेले नकाशे, प्रस्तावित कामाचे नकाशे, सगळ्या बाजूंचे फोटो आणि कामाचं वर्णन. मोठ्या दुरुस्तीला संरचना अभियंत्याचा अहवालही. नेमकी यादी तुमच्या महापालिकेकडून घ्या.

यातली आजच्या स्थितीची मोजणी नीट करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका. समितीचे सदस्य तुमच्या इमारतीत राहत नाहीत. त्यांना कागदावर जे दिसतं त्यावरून ते ठरवतात. जिन्याचा कठडा, खांबाचं कोरीवकाम, कडीपाटाचं छत, जुन्या फरशा, देवळ्या, दिंडीदरवाजा यांचे जवळून काढलेले फोटो जोडले, आणि प्रत्येकाबद्दल ‘राखणार’, ‘दुरुस्त करणार’ किंवा ‘बदलणार’ असं एका ओळीत लिहिलं, तर निम्मे प्रश्न बैठकीआधीच सुटतात. ‘अंतर्गत नूतनीकरण’ एवढंच लिहिलेला अर्ज परत येतो, आणि यायलाच हवा.

जतनाचा अनुभव असलेला वास्तुविशारद घ्या. नव्या इमारतींत नावाजलेला माणूस जुन्या घरात चांगलं काम करेलच असं नाही.

समितीत कोण असतं? तिचा शब्द शेवटचा का?

वास्तुविशारद, संरचना अभियंता, नगर इतिहासाचा अभ्यासक, पर्यावरणाचा जाणकार आणि महापालिकेचे अधिकारी, अशी साधारण रचना असते. समिती शिफारस करते, परवानगी आयुक्त देतात. अपवादात्मक प्रकरणी आयुक्त समितीचं म्हणणं बाजूला ठेवू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून. मुंबईच्या नियमाप्रमाणे हा अधिकार त्यांना खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. म्हणून समितीचा अभिप्राय डावलून परवानगी दिली गेल्याचं कळलं, तर माहितीच्या अधिकारात ‘लेखी कारणं’ मागा. तो कागद असायलाच हवा.

दुरुस्तीला पैसे मिळतात का? खरं सांगा.

थेट अनुदान हातात पडेल या भरवशावर बसू नका. नियमांत दुरुस्ती निधीची तरतूद आहे: आयुक्तांच्या हाती वेगळा निधी ठेवावा, समितीच्या सल्ल्याने वाटावा आणि त्यासाठी जिल्हा नियोजनाच्या अंदाजपत्रकातून रक्कम यावी, अशी. ‘करता येईल’ अशा भाषेत लिहिलेली ही तरतूद आहे, त्यामुळे तुमच्या शहरात निधी आहे का आणि त्यात या वर्षी किती रक्कम आहे हे लेखी विचारावं लागतं. नगरसेवकांनी अंदाजपत्रकाच्या वेळी मागावी अशी ही गोष्ट आहे, आणि मागणारे फार थोडे आहेत. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला जानेवारीच्या आधी पत्र द्या.

मग मालकाला काय मिळतं? मुख्यतः दोन गोष्टी.

एक, वापर बदलण्याची सवलत. वास्तू आहे तशी राखायची लेखी हमी दिली, तर समितीच्या मान्यतेने निवासी जागेत कार्यालय, दुकान, हॉटेल असा व्यापारी वापर करता येतो, एरवी त्या भागात तसा वापर मान्य नसला तरी. वाड्याच्या ओसरीत चहाघर, माडीवर कार्यालय आणि मागच्या चौकात मालकाचं राहणं ही मांडणी पैशाच्या हिशेबातही बसू शकते. वारसा जतनासाठी आपल्याकडे जे आहे त्यात ही तरतूद मला सगळ्यात कामाची वाटते, कारण ती दरमहा उत्पन्न देते आणि दुरुस्तीही दरवर्षी करावी लागते.

दोन, टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. त्याचा प्रश्न पुढे आहे.

यांखेरीज मुंबई शहर भागातल्या उपकरप्राप्त इमारतींची, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर भरणाऱ्या इमारतींची, संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचं दुरुस्ती मंडळ करतं. इमारत यादीत असेल तर मंडळालाही वारसा नियम पाळावे लागतात. ही गोष्ट काम सुरू होण्याआधीच कंत्राटदाराला दाखवून द्या, काम झाल्यावर उपयोग नाही. ‘महाराष्ट्र वैभव’ ही पालकत्व योजना मात्र फक्त राज्य संरक्षित स्मारकांसाठी आहे, खासगी वाड्यांना ती लागू होत नाही.

टीडीआर म्हणजे काय मिळतं?

तुमच्या भूखंडावर नियमाने जितकं बांधकाम करता आलं असतं त्यातलं वारसा नियमांमुळे जितकं करता येत नाही, तेवढ्या हक्काचं प्रमाणपत्र. ते तुम्ही विकू शकता आणि घेणारा ते नियमात बसेल अशा दुसऱ्या ठिकाणी वापरतो. पदरात किती पडेल हे त्या वेळच्या बाजारभावावर असतं.

नियमाचा हेतू असा, की या पैशातून वास्तूची दुरुस्ती व्हावी. प्रमाणपत्र विकून पैसा दुसरीकडे वळवला आणि छप्पर तसंच गळत राहिलं, अशी वेळ आली तर शहराने दोन्ही बाजूंनी गमावलं. म्हणून प्रस्तावासोबतच दुरुस्तीचा टप्प्याटप्प्याचा आराखडा द्या. मंजुरीलाही त्याने मदत होते.

कंत्राटदार म्हणतो, चुना आता कोण वापरतं, सिमेंटने पक्कं होईल. ऐकू का?

ऐकू नका. याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण पाडकाम सोडलं तर जुन्या घरांना सगळ्यात जास्त सिमेंटने घालवलं आहे.

जुनी भिंत दगडाची किंवा विटांची, चुन्यात बांधलेली, चुन्याने गिलावलेली असते. तिच्या पायात ओलावा रोधणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी थोडंफार वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जातं. भिंत ओली होते आणि वाळते, हेच तिचं आरोग्य. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की वाळायची वाट बंद होते. पाणी अडतं आणि आणखी वर चढतं. पूर्वी जोत्याजवळ असलेली ओल दोन-तीन वर्षांत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत येते. क्षार साठतात, विटा भुगा होऊन आतल्या आत झडतात, आणि बाहेरून सिमेंटचा पापुद्रा मात्र छान दिसत असतो. बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला की आत भिंत सुटलेली आहे. सगळ्यात वाईट अवस्था तुळयांच्या टोकांची होते. सागवानी तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक कायम ओलं राहतं, कुजतं, आणि वरून धडधाकट दिसणारा मजला एका पावसाळ्यात खाली येतो.

चुना आजही मिळतो आणि त्यात काम करणारे गवंडीही आहेत, फक्त शोधावे लागतात. चुना नीट विरवलेला हवा, त्यात सुरखी म्हणजे विटांची भुकटी योग्य प्रमाणात हवी आणि थर पातळ हवेत. तो सिमेंटसारखा रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, तोवर त्याला ओलसर ठेवावं लागतं. कंत्राटदाराची नाराजी या वेळेपायी असते. करारातच लिहून घ्या: गिलावा आणि दरजा चुन्यात, सिमेंट मिसळायचं नाही, आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवायचा आणि तो मान्य झाल्यावर पुढचं काम.

तोवर घरच्या घरी काय करावं?

छप्पर आणि पाणी. मे महिन्याच्या आत फुटलेली कौलं बदला, पन्हळी साफ करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायात न पडता लांब जाईल असं बघा. पिंपळा-वडाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. नुसतं कापलं तर ते दुप्पट जोमाने फुटतं. मूळ भिंतीत खोल गेलं असेल तर ओढू नका, सोबत दगड येतात. जाणकाराकडून मुळं मारून घ्या आणि फट चुन्याने भरा. कौलं फेरण्यासारख्या या बारीकसारीक देखभालीला समितीपुढे मोठं प्रकरण करावं लागत नाही, पण हेरिटेज विभागाला साधं पत्र देऊन ठेवलेलं बरं.

‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस आली. आता पाडावीच लागणार?

लगेच घाबरून सही करू नका, आणि नोटीस दुर्लक्षितही करू नका. आत माणसं राहतात, त्यांचा जीव आधी.

नोटिशीचं कलम बघा. मुंबईत ती १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली येते, इतर महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली. मुंबईत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याच्या अवस्थेतली, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असे वर्ग असतात. तुमची इमारत यादीत असेल तर हेरिटेज विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा, कारण धोकादायक इमारतींचा विभाग वेगळा असतो आणि एकाला दुसऱ्याची फाइल ठाऊक असेलच असं नाही. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल करून घ्या. भार वाहणाऱ्या भिंती आणि लाकडी सांगाडा यांना आरसीसीच्या चौकटीची फूटपट्टी लावली तर जवळपास प्रत्येक वाडा नापास होतो.

मुंबईच्या एस्प्लनेड मॅन्शनची गोष्ट या संदर्भात जाणून घेण्यासारखी आहे. १८६० च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर वॉटसन्स हॉटेल म्हणून उभी राहिलेली ही इमारत श्रेणी २अ मध्ये आहे. २००५ साली तिचा काही भाग कोसळला. पुढच्याच वर्षीच्या जागतिक धोकाग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. तरी पूर्ण दुरुस्ती झाली नाही, आणि २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. मग पाडायची की वाचवायची यावर तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. यादी होती, श्रेणी होती, जगभर नाव होतं. मालक, भाडेकरू आणि यंत्रणा यांच्यात दुरुस्ती कुणी आणि कधी करायची हे मात्र ठरलं नाही.

आम्ही भाडेकरू आहोत. मालक मुद्दाम दुरुस्ती करत नाही.

ही तक्रार फार जुनी आणि फार खरी आहे. भाडं शे-दोनशे रुपये, दुरुस्ती लाखांत, जागेची किंमत कोटींत. मालकाला पडझड परवडते, तुम्हाला नाही.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ मालकाला जागा राहण्याजोगी ठेवायला बांधील करतं. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबल्यावरही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यांत ही रक्कम हास्यास्पद होते हे मान्य. तरीही नोटीस द्याच. उद्या इमारत ‘आपोआप मोडकळीला आली’ असं सांगितलं गेलं, तर तुम्ही वेळेवर बजावलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहील. सगळ्या भाडेकरूंनी मिळून एक संघ केला आणि एकच अर्ज हेरिटेज विभागाला दिला तर त्याचं वजन वेगळं असतं.

शेजारी केंद्र संरक्षित स्मारक आहे. आम्ही घर वाढवू शकतो?

२०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रतिबंधित क्षेत्रातल्या जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. ही परवानगी महापालिकेच्या परवानगीच्या जागी चालत नाही. दोन्ही घ्याव्या लागतात.

नवी इमारत यादीत घालायची असेल तर? काढायची असेल तर?

घालण्यासाठी कुणीही नागरिक प्रस्ताव देऊ शकतो. बांधल्याचा काळ, बांधणारा, बांधणीची पद्धत, तिथे घडलेल्या घटना, जुने फोटो, आणि वस्तीच्या जडणघडणीत तिची जागा, हे सगळं दोन-तीन पानांत मांडा. नुसतं ‘शंभर वर्षं जुनी’ हे कारण पुरत नाही. अंतिम यादीआधी जाहीर सूचना निघते, हरकती-सूचना मागवतात आणि मालकाचं म्हणणं ऐकून घेतात. काढण्यासाठीही हाच रस्ता. मोडकळीला आली एवढ्यावरून वगळा अशी मागणी होते, पण अवस्था हा श्रेणीचा निकष नाही.

आमच्या गावात नगरपरिषद आहे, वारसा समितीच नाही.

मुख्याधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाला पत्र द्या. एकत्रिकृत नियमावलीमुळे आधार आहे. विकास आराखड्याची फेरतपासणी चालू असेल तर तीच योग्य वेळ, तेव्हा वास्तूंची यादी हरकत-सूचना म्हणून द्या. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही केंद्राने जाहीर केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आहेत. तिथे त्या अधिसूचनांतल्या वारसा तरतुदीही बघाव्या लागतात.

गडाच्या पायथ्याच्या गावांनी यात आता लक्ष घालावं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. पर्यटक वाढणार, हॉटेलं येणार, आणि पेठेतली जुनी घरं आधी जाणार. यादी आत्ताच करून ठेवा.

इतकं करून खासगी मालकाने वास्तू वाचवल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली सुरू झालं, १९९३ मध्ये बंद पडलं. मालकी गोंडलच्या राजघराण्याकडे. दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. महापालिकेच्या मालकीचं उदाहरण हवं असेल तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार करून काम केलं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा खुलं झालं. तुमच्या नगरपालिकेची जुनी इमारत पडून असेल तर असा तिहेरी करार सुचवायला हरकत नाही.

आत्ता, या क्षणी, यादीतली इमारत पाडताना दिसते आहे. काय करू?

फोटो आणि व्हिडिओ काढा, तारीख-वेळ आणि रस्ता दिसेल असे. प्रभाग कार्यालय आणि हेरिटेज विभागाला फोन करा आणि लगेच ईमेलने लेखी तक्रार द्या. तक्रारीत ‘नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस द्यावी’ असं स्पष्ट लिहा. त्या कलमाने प्राधिकरणाला चालू असलेलं अनधिकृत काम तिथल्या तिथे थांबवता येतं. जागेवर परवानगीची प्रत मागा. मोठ्या पाडकामाला परवानगी देण्याआधी लोकांकडून हरकती मागवलेल्या असायला हव्यात, त्या कधी मागवल्या हेही विचारा. पाडकाम बहुधा शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्यांना जोडून सुरू होतं, म्हणून अधिकाऱ्यांचे नंबर आधीच टिपून ठेवलेले असावेत.

त्याच अधिनियमाच्या कलम ५२ खाली विनापरवाना कामाला शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड. आजच्या जागेच्या भावापुढे हा दंड म्हणजे काहीच नाही, आणि तो वाढायला हवा. त्याहून जास्त धाक केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींतल्या तरतुदीचा आहे: विनापरवाना पाडलेल्या वारसा वास्तूच्या जागी नव्या इमारतीला परवानगी नाही, आणि पुन्हा बांधायचीच तर मूळ क्षेत्रफळाइतकीच, त्याच रूपात. तुमच्या शहराच्या नियमावलीत हे कलम कोणत्या शब्दांत आहे ते काढून तक्रारीला जोडा. अर्धवट पाडून झालं असेल तर खांब, तुळया, कोरीव दारं आणि घडीव दगड जागेवरून हलवू नयेत असा आदेश त्याच अर्जात मागा. पुन्हा उभारणीची वेळ आली तर ते लागतील.